अर्ध्यावर अडकलेले झाड

वैशाख सरत आला की इंदुरात एखाद्या सायंकाळी वावटळ उठते, काळे ढग चढून येतात आणि घटकाभर धूळ, वारा व टपोरे थेंब यांची गर्दी होऊन आकाश पुन्हा मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमरोळच्या रस्त्याने किंवा महूहून मानपूरच्या बाजूस जावे, म्हणजे त्या घटकाभराच्या वाऱ्याने काय केले ते दिसते. काही झाडे समूळ जमिनीवर लोळलेली असतात. काही नुसत्या डहाळ्या गमावून उभी असतात. परंतु मधूनच एखादे झाड असे आढळते की, ते पडावयास निघाले, शेजारच्या झाडाच्या बेचक्यात त्याचा शेंडा अडकला आणि ते तिथेच तिरपे थबकले. पहिल्या दोन प्रकारच्या झाडांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. या लेखात आम्ही लिहिणार आहोत ते या तिसऱ्या प्रकारच्या झाडाविषयी, कारण जळणासाठी रानात जाणाऱ्या माणसाला त्याच्याइतके मोहात पाडणारे आणि त्याच्याइतके घातक दुसरे झाड नाही.

मोह कशाचा, असे शहरातील वाचक विचारतील. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत इंदुरातल्या मराठी घरांत सकाळी पाण्याचा बंब लाकडांनीच पेटत असे आणि लाकडाच्या वखारीत महिन्याचे खाते असे. आज ते राहिले नाही. घरोघरी गॅस आला, लाकडाचे काम होळीपुरते उरले, आणि तीही पुष्कळ ठिकाणी आता गोवऱ्यांची होते. परंतु विंध्याच्या कड्यावर, चोरल आणि मानपूरच्या बाजूच्या गावांत, चूल अद्याप बऱ्याच अंशी लाकडावरच पेटते. ते लाकूड बहुधा बाया आणतात. हाती एक कोयता, फार तर कुऱ्हाड, आणि डोक्यावर वीस-पंचवीस किलोंची मोळी. त्यांस हवे असते ते वाळलेले लाकूड. आता गंमत अशी की, जमिनीवर पडलेल्या लाकडाला पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते, वाळवी लागते आणि वर्षभरात त्याचे भुसभुशीत खोड होऊन जाते. उलट जे झाड अधांतरी अडकले, त्याच्या चहूबाजूंनी वारा खेळतो, पाणी निथळून जाते, वाळवीला वर चढावयास फक्त बुंध्याकडची वाट राहते. येणेप्रमाणे ते उत्तम वाळते. धावड्याचे असे एखादे खोड दोन उन्हाळे अडकून राहिले, तर त्या डोंगरावर त्यासारखे जळण दुसरे नाही. ते सर्वांस दिसते, सर्वांस हवे असते, आणि जुन्या जाणत्या बाया त्याला वळसा घालून पुढे जातात.

त्या वळसा का घालतात, हे समजण्यास थोडे गणित करू. विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. खोड आठ मीटर लांब व सरासरी पंचवीस सेंटिमीटर व्यासाचे आहे असे धरा. त्याचे घनफळ सुमारे ०.३९ घनमीटर येईल. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे ९०० किलो धरले, तर हे खोड साडेतीनशे किलोंचे झाले. फांद्या व पाला निराळाच. खोड पंचेचाळीस अंशांत तिरपे उभे असेल, तर त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे २.८ मीटर उंचीवर राहील. आता साडेतीनशे किलो २.८ मीटरवरून खाली येणे आणि पन्नास किलोंचे सिमेंटचे पोते साडेएकोणीस मीटरवरून, म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली येणे या दोहोंत ऊर्जा सारखीच मोकळी होते. असे पोते गच्चीच्या कठड्यावर नुसते टेकवून ठेवले आहे असे कळले, तर त्याखालून आपण कोणी जाणार नाही. पण झाडाखाली बसून शिदोरी सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या वाकलेल्या खोडावर मुले झोके घेतानाही आम्ही पाहिली आहेत.

याखेरीज आणखी एक शक्ती तिथे दडलेली असते. अडकलेले झाड ज्या फांद्यांवर विसावते त्या फांद्या वाकतात. त्याच्या स्वतःच्या फांद्याही दाबल्या जातात. वाकलेल्या लाकडाची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबली जाते, आणि सोडून दिल्याबरोबर ते मूळ आकारावर येऊ पाहते. बेचकीने कैऱ्या पाडणाऱ्या मुलांना हे निराळे शिकवावयास नको. फरक एवढाच की, बेचकीचे रबर आपण आपल्या हाताने ताणलेले असते. त्याचा जोर किती आणि ते कोणत्या दिशेस सुटणार हे आपणांस ठाऊक असते. झाडाची बेचकी वाऱ्याने ताणलेली असते. ती कोठे ताणली आहे, हे पानांच्या गर्दीत खालून दिसत नाही. मनगटाएवढे वाकलेले रोप ताणलेल्या बाजूने कोयत्याने छेदले, तर ते फटकन सुटून हाड मोडू शकते. अमेरिकेतील लाकूडतोडे वर अडकलेल्या फांदीला आणि झाडाला ‘विडोमेकर’ म्हणजे ‘बायकोला विधवा करणारे’ असे नाव देतात. नाव अभद्र आहे खरे. पण ज्यांनी ते ठेवले त्यांनी ते उगाच ठेवले नसावे.

झाडे मुळात अडकतात का? दाट रानात पडावयास जागाच नसते, हे पहिले कारण. आपल्याकडील सागवानाची रानेच पाहा. तोडलेल्या खुंटांतून पुन्हा फुटलेले धुमारे जवळजवळ वाढतात, त्यामुळे एक झाड कलले की दुसऱ्याच्या अंगावर जाते. पळसवेलीसारख्या जाड वेलींनी दोन-तीन झाडांचे शेंडे बांधून टाकलेले असले, तर तुटलेले झाड दोरीने टांगल्यासारखे लोंबत राहते. आणि ज्याने आपल्या हाताने झाड तोडले त्याचा अदमास चुकला, म्हणजेही हेच होते.

परंतु झाड मोडून पडले की उन्मळून पडले, हे आधी ओळखले पाहिजे, कारण दोहोंतील धोका भिन्न आहे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की फुगून लोण्यासारखी होते. अशा ओल्या मातीत मुळांची पकड सैल होते. डोंगरउतारावर तर माती वीतभर आणि खाली काळा पाषाण. तिथे मुळे खोल जाण्याऐवजी आडवी पसरतात. मग जोराचा वारा आला म्हणजे झाड मोडत नाही, तर मुळांची आणि मातीची अख्खी थाळी उचलून कलते. ही उभी राहिलेली थाळी आणि तिच्या मागचा खड्डा मुलांना फार आवडतो. लपंडावास तशी जागा नाही. पण ही थाळी खोडाच्या वजनानेच उभी धरलेली असते. कोणी पलीकडे खोड कापले, की वजन गेले. आणि टनभर माती-मुळे आल्या वाटेने परत खड्ड्यात बसतात. तोडलेला खुंट पुन्हा ताठ उभा राहतो, जणू काही झालेच नाही. त्या क्षणी खड्ड्यात कोणी असेल तर त्यास ओरडण्याइतकाही अवधी मिळत नाही. या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल, परंतु ही एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये: उन्मळलेल्या झाडाच्या मुळांमागे कधीही जाऊ नये, मग ते झाड पडून वर्ष झाले असले तरी.

मोडून पडलेल्या झाडाचा बुंधा मोकळा असतो आणि त्यास खाली आणण्याचा विचार करता येतो. इथे अनुभवी माणसे काय करतात याआधी हौशी माणसे काय करतात ते सांगणे बरे, कारण अपघात त्यातूनच होतात. बहुतेकांना पहिली युक्ती सुचते ती अशी की, ज्या झाडाने अडवून धरले आहे तेच तोडावे, म्हणजे दोन्ही एकदम येतील. येतात खरी. पण ती कोणत्या बाजूस येतील हे तोडणाऱ्याला सांगता येत नाही; एका झाडाचा तोल त्याच्या हिशेबात असतो, दुसऱ्याचे ओझे हिशेबात धरता येत नाही, आणि तो स्वतः दोहोंच्या खाली उभा असतो. दुसरी युक्ती म्हणजे तिसरे झाड तोडून अडकलेल्यावर पाडावयाचे. पुष्कळदा तेही जाऊन तिथेच अडकते, आणि आता एकाऐवजी दोन झाडे टांगलेली राहतात. तिसरा वीर खोडावरून चढून जातो आणि वरच्या फांद्या छाटू लागतो. त्याच्याविषयी काय लिहावे!

चौथी युक्ती सर्वांत शहाणपणाची दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. शेंडा वर अडकला आहे ना, मग बुंध्याकडून हातभर-हातभर तुकडे कापीत जावे. तेवढे जळण तर मिळेल आणि झाडही हळूहळू खाली येईल, असा हा विचार. काय होते ते पाहा. एक तुकडा कापला की उरलेले खोड त्या तुकड्याएवढे खाली आदळते, आणि त्याचे टोक भाल्यासारखे जमिनीत रुतते. कापणाऱ्याचे पाय तिथेच असतात. दुसरा तुकडा कापला की पुन्हा तेच; आणि दर वेळी खोड अधिकाधिक उभे होत जाते. तिरपे असताना ते कोणत्या बाजूस पडणार हे निदान दिसत होते. उभे झाले, आधाराची फांदी सुटली, म्हणजे ते चारी दिशांस पडावयास मोकळे; कापणाऱ्याच्या बाजूस देखील. शिवाय दर कापणीबरोबर वरच्या फांद्यांना हिसका बसतो आणि मोडकी फांदी सुटून खाली येते. ब्रिटनमध्ये वनकामगारांच्या सुरक्षेसाठी ज्या सूचना प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांत या चारही गोष्टी आणि अडकलेल्या झाडाखाली काम करणे स्पष्टपणे निषिद्ध मानले आहे. अमेरिकेतील लाकूडतोडीच्या नियमांत तर असे झाड प्रथम यंत्राने वा अन्य सुरक्षित रीतीने उतरवावे, ते जमत नसेल तर त्यावर खूण करावी आणि झाडाच्या लांबीच्या दुप्पट अंतरात दुसरे काम करू नये, असे सांगितले आहे. दहा मीटरचे झाड असेल तर वीस मीटर. हे दुपटीचे माप पाठ करावयास सोपे आहे आणि आपल्या रानातही तितकेच लागू आहे.

आता योग्य रीत. ज्याने भिंतीला शिडी लावली आहे त्याला ती निम्मी ठाऊक आहे. शिडीचा पाय मागे सरकला की शिडीचे डोके भिंतीवरून घसरत खाली येते. अडकलेले झाड ही एक वाकडीतिकडी शिडीच होय. तिच्या डोक्याशी झगडण्याचे कारण नाही. पाय मागे ओढावा, म्हणजे डोके आपोआप निसटते. सर्व देशांतील वनकामगार थोड्याफार फरकाने हेच करतात: बुंधा आधाराच्या झाडापासून दूर ओढतात, किंवा खोड आपल्याभोवती फिरवून, म्हणजे लाटण्यासारखे गडगडवून, शेंडा बेचक्यातून सोडवतात. स्वीडनसारख्या देशांत खोड फिरविण्याकरिता आकडीचा दांडा आणि पट्टा कामगाराच्या सामानातच असतो.

मांडीएवढ्या जाडीचे, सहा मीटरपर्यंतचे खोड असेल, तर एक पहार पुरते. असे खोड पंचाण्णव किलोंच्या आसपास भरेल. त्यातील साधारण निम्मा भार बुंध्यावर येतो. दोन मीटरच्या पहारीखाली टोकापासून वीस सेंटिमीटरवर दगडाचा टेकू दिला, तर भुजांचे प्रमाण एकास नऊ पडते. म्हणजे पाच-सहा किलोंच्या जोराने बुंधा उचलला जातो आणि मागे सरकविता येतो. तरफेचा हा धडा शाळेत होतो तेव्हा वर्गात जांभया येतात. रानात तो कळला तर कळतो. मात्र पहार धरणाऱ्याने बुंध्याच्या रेषेत न राहता बाजूस उभे राहावे, पहार दोन पायांत घेऊ नये, तिच्यावर वाकू नये. खोड अवचित सुटले तर पहारीचे वरचे टोक हनुवटीवर येते.

त्याहून मोठ्या झाडाला हात लावावयाचा नाही, दोर लावावयाचा. वरच्या उदाहरणातील साडेतीनशे किलोंच्या खोडाचा निम्मा भार, म्हणजे पावणेदोनशे किलो, जमिनीवर आहे. मातीवर लाकूड ओढताना घर्षण त्या भाराच्या सहा-दशांश धरले, तर शंभर-एकशेपाच किलोंची ओढ लागेल. बुंधा रुतलेला असेल तर अधिक. चार-पाच धट्टेकट्टे गडी किंवा एक बैलजोडी हे काम करते. एक फिरती कप्पी जोडली तर ओढ जवळजवळ निम्मी होते. परंतु कप्पीचा खरा उपयोग जोर वाचविण्यापेक्षा जागा बदलण्यात आहे. दोर बुंध्यापासून सरळ मागे नेला, तर ओढणारे नेमके त्या दिशेस उभे राहतात जिकडे बुंधा धावत येणार आहे. म्हणून मागे एखाद्या पक्क्या झाडाच्या बुंध्याशी कप्पी बांधावी, दोर तिच्यातून काटकोनात वळवावा आणि ओढणाऱ्यांनी बाजूस, झाडाच्या दुप्पट लांबीहून दूर राहावे. दोर गुंडाळून खोड फिरवावयाचे असेल, तर ते बहुधा ओढणाऱ्याच्याच बाजूस गडगडते, हे ध्यानात ठेवून अंतर आणखी वाढवावे.

दोराविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हल्ली घरोघरी नायलॉनचा दोर असतो. तो बळकट असतो, पण रबरासारखा ताणतोही. ताणलेला नायलॉन तुटला किंवा गाठ सुटली, तर त्याचे टोक चाबकासारखे परत येते. अशा कामी कमी ताणणारा जाड दोर घ्यावा, आणि कोणताही घेतला तरी ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा वळणाच्या आतल्या कोनात कोणी उभे राहू नये. तसेच दोर बांधावयास जाणारा माणूस एकच असावा. त्याने आधी दुरून, दोन-तीन बाजूंनी वर पाहून घ्यावे: शेंडा कोठे टेकला आहे, मोडकी फांदी कोणती लोंबते आहे, वारा आहे काय. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी. मागे पळावयाची वाट काट्याकुट्या काढून मोकळी करावी. मग खोडाच्या बाजूने, कधीही खालून नव्हे, बुंध्याशी जाऊन दोर टाकावा आणि परत यावे.

हे सर्व आम्ही विद्यार्थ्यांनी करावे म्हणून लिहीत नाही. ते जाणत्या, प्रौढ माणसांचे काम आहे, आणि राखीव जंगलात तर वनखात्याचे काम आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात झाड तोडणे तर निषिद्ध केलेच आहे, पण झाड तोडताना किंवा लाकूड ओढताना निष्काळजीपणाने केलेले नुकसान हाही त्यात अपराध आहे. इंदुराच्या अगदी कुशीतले राळामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे. तिथे सहलीस जाणाऱ्यांनी वाळकी काटकीदेखील उचलू नये. असे झाड दिसले, तर मुलांनी दोन गोष्टी कराव्यात. वाटेवर दोन्ही बाजूंस, पुरेशा अंतरावर, काटेरी फांद्या आडव्या टाकाव्यात, म्हणजे मोळीवाल्यांना आणि गुराख्यांना कळेल. आणि वनरक्षकास, ज्यास आपल्याकडे नाकेदार म्हणतात, जागा सांगावी. एवढे केले म्हणजे त्यांचा वाटा झाला.

शहरात हेच झाड विजेच्या तारांवर अडकते आणि तेव्हा वरील एकही युक्ती लागू राहत नाही. ओले झाड वीज वाहते. त्याच्या बुंध्याला, त्याला टेकलेल्या कुंपणाच्या तारेला, इतकेच काय त्याच्या भोवतालच्या ओल्या जमिनीलाही वीज उतरलेली असू शकते. दिवे गेले आहेत म्हणून तार मेली, असे समजू नये; ती दुसऱ्या बाजूने केव्हाही जिवंत होते. इथे दूर राहून वीज कंपनीस १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस अडवावे. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. वादळानंतर रस्त्यांवर त्याच्याच फांद्या अधिक पडलेल्या दिसतात. होळीस अजून नऊ महिने असतानाही काही मुले त्या फांद्या ओढून नेऊ लागतात. फांदी मोकळी पडलेली असेल तर खुशाल न्यावी. वरच्या टोकाशी काही अडकले आहे असे दिसले तर नाही.

एक शेवटचा हिशेब उरला. साडेतीनशे किलोंचे ते ओले खोड वाळून अडीचशे किलोंच्या आसपास राहील. म्हणजे दहा-बारा मोळ्या. वाळल्या लाकडाच्या किलोमधून साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरले, तर एकूण पावणेनऊ लाख. परंतु साध्या तीन दगडांच्या चुलीत त्यातील दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते. बाकी धूर आणि वारा नेतो. म्हणजे उपयोगी पडली सुमारे सत्त्याऐंशी हजार. आता १४.२ किलोंचे गॅसचे सिलिंडर घ्या. किलोला अकरा हजार धरले तर एक लाख छप्पन्न हजार, आणि शेगडीत त्यातले साठ टक्के कामी येतात: साधारण चौऱ्याण्णव हजार. ज्या झाडाखाली माणूस जीव धोक्यात घालतो, त्या संपूर्ण झाडाची किंमत चुलीच्या हिशेबात एका सिलिंडरएवढीही पुरती होत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून डोंगराकडच्या घरांतही सिलिंडर दिसू लागले आहे. पण ते रिकामे झाल्यावर पुन्हा भरून आणावयास रोख पैसा लागतो आणि मोळीला केवळ अंगमेहनत लागते. म्हणून सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या बायांना ‘रानात जाऊ नका’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. कोणते झाड सोडून द्यावे, एवढेच सांगता येते. आणि तेही बहुधा त्यांनाच आमच्याहून चांगले ठाऊक असते.

एका ज्येष्ठात सिमरोळच्या पुढे एका शेताच्या बांधावर असे झाड उतरविताना आम्ही पाहिले. वाळवीने बुंध्याशी पोखरलेला कडुनिंब वादळात मोडून शेजारच्या चिंचेत अडकला होता. चिंच मोठी बळकट. तिने तो सहज तोलून धरला होता. शेतकऱ्याने चार दिवस कोणास जवळ जाऊ दिले नाही. मग वारा पडलेल्या एका सकाळी त्याने बैल आणले. पलीकडच्या बाभळीला कप्पी बांधली, एकट्याने जाऊन बुंध्याला दोर घातला, दोराचे टोक स्वतःभोवती तीन-चार वेळा गुंफले आणि परत येऊन बैलांना हाक दिली. पहिल्या ओढीस काही झाले नाही. दुसऱ्या ओढीस बुंधा हातभर सरकला, वर चिंच कुरकुरली आणि कडुनिंब आला तो इतक्या वेगाने की, आवाज आम्हांस नंतर ऐकू आल्यासारखा वाटला. बुंधा दोन हात मागे उसळून थांबला.

कोयते घेऊन बायका बांधापलीकडे उभ्या होत्याच. त्या पुढे निघाल्या तेव्हा म्हाताऱ्याने हात वर करून त्यांस थांबविले आणि स्वतः बैल सोडून सावलीत विडी ओढत बसला. चिंचेचा शेंडा अजून हलत होता. अर्धा तास तरी गेला असेल. आम्हांस ते थांबणे उगाच वाटू लागले होते, तोच वरून दंडाएवढी एक सुकी फांदी, इतका वेळ पानांत कोठे होती कोण जाणे, दोन ठिकाणी आपटत खाली आली आणि कडुनिंबाच्या खोडावर पडून दुभंगली. म्हाताऱ्याने वर एकदा नीट पाहिले, विडी विझवली आणि बायकांना या म्हणून खूण केली.